झडप आणि महाधमनी दोन्ही बिघडल्या असताना शस्त्रक्रियेचे कोणते पर्याय असतात?

पंचगंगा | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार. माझा धाकटा भाऊ ४३ वर्षांचा असून इचलकरंजीत त्याचे यंत्रमाग आहेत. दिवाळीनंतर त्याला दोन जिने चढले तरी धाप लागू लागली, म्हणून टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली. त्यात महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून शरीराला रक्त नेणाऱ्या मुख्य धमनीच्या, झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असल्याचे, झडपेतून रक्ताची तीव्र गळती होत असल्याचे आणि झडपेच्या लगेच वर महाधमनी ४८ मिलिमीटर रुंद झाल्याचे आढळले. पुढे सीटी अँजिओ केली, तर तेच माप ५२ मिलिमीटर आले.

आता आमच्यापुढे तीन मते आहेत. एका शल्यचिकित्सकांनी बेंटॉल शस्त्रक्रिया (झडप आणि महाधमनीचा सुरुवातीचा भाग दोन्ही बदलण्याची) करून यांत्रिक झडप बसवण्यास सांगितले. दुसऱ्यांच्या मते त्याची स्वतःचीच झडप वाचवता येण्याची शक्यता आहे. तिसऱ्या डॉक्टरांनी एकोचेच माप धरून सहा महिने थांबण्याचा सल्ला दिला. आईचे म्हणणे असे की, शेजारच्या काकांना मांडीतून झडप बसवली आणि ते चौथ्या दिवशी घरी आले, मग याचीच छाती का फाडायची? मला या सर्व पर्यायांमधला फरक मुळापासून समजून घ्यायचा आहे. अनुभवी सदस्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मापपट्टी | रविवार, रात्री १०.२५

ताई, मी क्ष-किरण विभागात काम करतो, म्हणून आधी मापांविषयी लिहितो. ४८ आणि ५२ यांतला फरक पाहून गोंधळून जाऊ नका. काकडी तिरकी चिरली की चकती लांबट होते, तसेच महाधमनीचे आहे. ती सरळ नळी नसून वळत जाते, त्यामुळे तिच्या अक्षाला काटकोनात छेद घेतला नाही तर माप फुगते. उलट एकोमध्ये तिचा फुगलेला भाग ध्वनिलहरींच्या टप्प्याबाहेर राहिला तर माप कमी येते. शिवाय भिंतीच्या आतल्या कडेपासून मोजले की बाहेरच्या, यावर दोन ते चार मिलिमीटरचा फरक सहज पडतो. झडपेच्या लगतचा भाग, ज्याला महाधमनीचे मूळ म्हणतात, गोल नसून तीन फुगीर कोनाड्यांचा असतो; कोनाड्यापासून समोरच्या कोनाड्यापर्यंत मोजले की एक आकडा येतो आणि कोनाड्यापासून समोरच्या सांध्यापर्यंत, म्हणजे दोन पाकळ्या जिथे भिंतीला जुळतात तिथपर्यंत, मोजले की दुसरा.

म्हणून सीटी अहवालात तीन गोष्टी पाहा. हृदयाच्या ठोक्याशी जुळवून, म्हणजे ईसीजी जोडून, चित्रण केले होते का. माप अक्षाला काटकोनात घेतले आहे का. आणि सर्वात रुंद जागा नेमकी कोणती, मूळ, त्यावरचा चढता भाग की कमान? शस्त्रक्रियेचा प्रकार या तिसऱ्या उत्तरावरच ठरतो. भावाची उंचीही कळवा.

पंचगंगा | रविवार, रात्री १०.५०

उंची १६२ सेंटिमीटर आहे. सीटी ईसीजी जोडूनच केली होती. अहवालात 'मूळ ५२, चढता भाग ४६, कमान ३१' असे लिहिले आहे.

टाकादोरा | सोमवार, सकाळी ७.१५

मी २८ वर्षे हृदयशस्त्रक्रिया केली आणि आता निवृत्त आहे. रुग्णाला न तपासता निर्णय देणे योग्य नाही, पण पर्यायांचा नकाशा मात्र समोर ठेवता येईल.

थांबण्याच्या सल्ल्यापासून सुरुवात करतो, कारण तो मला पटलेला नाही. झडप नीट असेल आणि केवळ महाधमनी फुगली असेल तर साधारणपणे ५५ मिलिमीटरला शस्त्रक्रिया करतात आणि अनुभवी केंद्रांत काही जणांसाठी ५० ला. मात्र झडपेसाठी छाती उघडावीच लागणार असेल, तर ४५ मिलिमीटरची महाधमनीही त्याच वेळी बदलतात. तुमच्या भावाची गळती तीव्र आहे आणि त्याला धाप लागते. म्हणजे झडपेसाठी शस्त्रक्रिया हवी हे महाधमनी बाजूला ठेवली तरी ठरतेच. मग ४८ धरा किंवा ५२, उत्तर बदलत नाही. हे सर्व उंबरठे प्रामुख्याने उंच्यापुऱ्या पाश्चात्त्य रुग्णांवरून ठरलेले आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या बुटक्या बांध्याच्या माणसांसाठी महाधमनीच्या छेदाचे क्षेत्रफळ उंचीने भागून पाहतात. ५२ मिलिमीटर व्यासाचे क्षेत्रफळ सुमारे २१.२ चौरस सेंटिमीटर होते; त्याला १.६२ मीटरने भागले की १३ येतात. हा आकडा १० च्या वर गेला की शस्त्रक्रियेचा विचार करतात.

घाई का, हेही सांगायला हवे. फुगलेल्या महाधमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडून रक्त भिंतीच्या थरांमध्ये घुसले आणि ती चीर चढत्या भागात असली, तर उपचाराविना सुरुवातीच्या दोन दिवसांत दर तासाला मृत्यूचा धोका एक ते दोन टक्क्यांनी वाढतो, असे हृदयशस्त्रक्रियेत फार पूर्वीपासून शिकवले जाते. ठरवून केलेली शस्त्रक्रिया आणि मध्यरात्री करावी लागलेली शस्त्रक्रिया यांत फार मोठे अंतर आहे.

आता प्रकार. मूळ ठीक असून फक्त वरचा भाग फुगलेला असेल तर झडप वेगळी बदलतात आणि हृदयाच्या धमन्या जिथून निघतात त्याच्या वर कापडी नळी जोडतात. ही पद्धत सोपी आहे, पण भावाचे मूळच ५२ असल्याने ती त्याच्या उपयोगाची नाही. मूळच बदलायचे तर बेंटॉल. ह्यू बेंटॉल आणि अँथनी डी बोनो यांनी लंडनमध्ये केलेली ही शस्त्रक्रिया १९६८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात नळीच्या तोंडाशी झडप शिवलेली असते. रुग्णाची झडप आणि मूळ दोन्ही काढून ही जोडणी तेथे बसवतात आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या, त्यांच्याभोवतीच्या भिंतीच्या बटणाएवढ्या तुकड्यासह, नळीला पाडलेल्या छिद्रांवर शिवतात. सुरुवातीच्या पद्धतीत ही बटणे नव्हती. ती सुधारणा नंतर आली आणि तिच्यामुळे टाक्यांतून होणारा रक्तस्राव पुष्कळ कमी झाला. तयार जोडणी महाग पडते म्हणून आपल्याकडे अनेक शल्यचिकित्सक टेबलावरच वेगळी झडप नळीत शिवून ती तयार करतात, आणि नीट शिवली तर ती उत्तम काम देते.

तुमच्या भावाला एक गोष्ट आवडेल. ती नळी म्हणजे विणलेले पॉलिएस्टर कापडच असते. ह्यूस्टनचे मायकेल डीबेकी यांनी १९५० च्या दशकात पहिल्या नळ्या घरच्या शिवणयंत्रावर शिवल्या. दुकानात नायलॉन संपले होते म्हणून त्यांनी डेक्रॉन, म्हणजे पॉलिएस्टर, घेतले, असे ते स्वतः सांगत. २००५ च्या ३१ डिसेंबरला, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्यांच्याच महाधमनीला चीर पडली. फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया केली आणि ते त्यानंतर दोन वर्षांहून अधिक जगले. मागवाल्याला हे कापड हातात घेऊन बघायला मिळाले तर त्याची अर्धी भीती जाईल, असे मला उगाचच वाटते.

टिकटिक | सोमवार, दुपारी १.०५

माझी बेंटॉल शस्त्रक्रिया १४ वर्षांपूर्वी, वयाच्या ३९ व्या वर्षी झाली. यांत्रिक झडप आहे, म्हणूनच हे टोपणनाव. शांत खोलीत तिचा आवाज ऐकू येतो. पहिले सहा महिने झोप येत नसे, आता तो आवाज थांबला तर मलाच जाग येईल.

ज्यांना यांत्रिक झडप सुचवली आहे त्यांनी 'गोळी आयुष्यभर घ्यावी लागेल' या वाक्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. मी रोज संध्याकाळी अ‍ॅसिट्रॉम ही रक्त पातळ करणारी गोळी घेतो आणि रक्ताचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, दोन ते तीनच्या दरम्यान ठेवावा लागतो. तो खाली गेला तर झडपेवर गुठळी धरण्याची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. पालक, मेथी, शेपू खायचीच नाही असे पुष्कळ जण सांगतात, पण ते खरे नाही. खाण्याचे प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखे ठेवावे, म्हणजे गोळीचे प्रमाण त्याप्रमाणे बसवता येते. खरा घोळ करतात ती मनाने घेतलेली वेदनाशामके, मधेच सुरू केलेले काढे आणि प्रतिजैविके. कोणतेही नवे औषध सुरू झाले की चार-पाच दिवसांत आयएनआर तपासावा, हे मी एकदा नाकातून दोन तास रक्त वाहिल्यावर शिकलो. डेंग्यूच्या दिवसांत ताप आला की मी घरी थांबत नाही, कारण प्लेटलेट उतरल्या असताना ही गोळी चालू ठेवणे धोक्याचे आणि आपल्या मनाने बंद करणेही धोक्याचे.

मी सांगली भागातला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमचा रस्ता बंद झाला आणि घरातल्या गोळ्यांची पट्टी तिसऱ्या दिवशी संपत आली. बोटीतून आलेल्या एका स्वयंसेवकाच्या हातात मी चिठ्ठी दिली आणि गोळ्या आल्या, पण आयएनआर पुढचे १९ दिवस तपासता आला नाही. तेव्हापासून घरात दोन महिन्यांचा साठा आणि बोटाच्या थेंबावर आयएनआर दाखवणारे छोटे यंत्र ठेवले आहे.

एवढे लिहूनही सांगतो की मी सायकल चालवतो, नोकरी करतो आणि या झडपेबद्दल माझी तक्रार नाही. तुमच्या भावाचे मागावरचे काम आहे, हाताला कापणे-खरचटणे रोजचेच असेल. तेवढा मुद्दा त्याने डॉक्टरांपुढे ठेवावा.

जास्वंद | सोमवार, सायंकाळी ६.३०

आमचा अनुभव उलट्या बाजूचा आहे. माझ्या वडिलांची दोन पाकळ्यांची झडप अरुंद झाली म्हणून २००९ साली एका रुग्णालयात ती बदलली. तेव्हा त्यांची महाधमनी ४७ मिलिमीटर होती हे एकोच्या कागदावर स्पष्ट लिहिलेले होते. मात्र 'आत्ता फक्त झडप करू, बाकीचे पुढे बघू' असे सांगण्यात आले. आम्हाला त्या आकड्याचा अर्थ कळत नव्हता आणि कोणी समजावूनही सांगितला नाही. दहा वर्षांनी ती ५८ झाली आणि पुन्हा छाती उघडावी लागली. जुन्या शस्त्रक्रियेने हृदय छातीच्या हाडाला चिकटलेले असते, त्यामुळे दुसऱ्या वेळी हाड कापतानाच जोखीम असते आणि शस्त्रक्रिया नऊ तास चालली. बाबा बरे आहेत. राग मात्र अजून गेलेला नाही.

पंचगंगा | सोमवार, रात्री ९.१५

सर्वांचे मनापासून आभार. टाकादोरा सर, दोन प्रश्न आहेत. आईच्या प्रश्नाचे उत्तर काय द्यावे? आणि झडप वाचवण्याची शस्त्रक्रिया खरोखर टिकते का? पैशांची चणचण आहे, पण त्यापायी चुकीचा पर्याय निवडायचा नाही.

टाकादोरा | मंगळवार, सकाळी ६.५०

आईंना असे सांगा. मांडीतून बसवतात ती झडप दुमडून आत नेतात आणि जुन्या झडपेवर साचलेल्या चुन्याच्या कडक कड्यात ती घट्ट रुतून बसते. शेजारच्या काकांची झडप वयोमानाने कडक झालेली असणार. तुमच्या भावाची झडप गळते आहे, तिच्यात तसा चुना नाही आणि मूळ रुंद आहे. नेहमीची दुमडती झडप तेथे घसरण्याचा धोका असतो. ती बसली असे मानले तरी ५२ मिलिमीटरपर्यंत फुगलेली महाधमनी तशीच राहणार. पोटातल्या किंवा पाठीकडच्या महाधमनीत मांडीतून आच्छादित स्टेंट, म्हणजे कापडाने मढवलेली जाळीदार नळी, घालतात, पण चढत्या भागात एका टोकाला हृदयाच्या धमन्या आणि दुसऱ्या टोकाला मेंदूच्या धमन्या असल्याने स्टेंटला पकड घ्यायला जागाच उरत नाही. काही केंद्रांत प्रयोग चालू आहेत. ४३ वर्षांच्या, शस्त्रक्रिया सहज झेपणाऱ्या माणसाने त्यांची वाट पाहू नये.

दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे. टोरांटोचे टिरोन डेव्हिड यांनी १९९२ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात फुगलेले मूळ काढून टाकतात, पण पाकळ्या आणि त्यांचे सांधे ठेवतात आणि ते सगळे कापडी नळीच्या आत शिवून बसवतात. त्याच सुमारास लंडनमध्ये मॅग्दी याकूब यांची थोडी वेगळी पद्धतही रूढ झाली, जिच्यात नळीला कोनाड्यांसारख्या जिभा कापून त्या पाकळ्यांच्या कडेने शिवतात. तीन पाकळ्यांच्या चांगल्या झडपेवर डेव्हिड पद्धतीचे निकाल निवडक केंद्रांत वीस वर्षांनंतरही फार चांगले आहेत. गोळी आयुष्यभर लागत नाही, हा तिचा मोठा लाभ.

दोन पाकळ्यांच्या झडपेत मात्र शल्यचिकित्सकाच्या डोळ्याची परीक्षा असते. पाकळ्या मऊ आहेत का, त्यांवर चुना आहे का, कडेला भोके पडली आहेत का, दोन सांधे एकमेकांसमोर आहेत की एका बाजूला कललेले, हे पाहावे लागते. जर्मनीतील होम्बुर्गचे हान्स-योआखिम शेफर्स यांनी यासाठी एक मोजमाप रूढ केले: झडप मिटल्यावर पाकळीची मधली कड पायापासून किती उंचीवर येते ते मोजायचे, आणि दुरुस्तीनंतर ते साधारण नऊ मिलिमीटर किंवा अधिक असावे. हे मोजण्यासाठी वेगळा कंपासच आहे. ज्या शल्यचिकित्सकाकडे तो आहे आणि जो तो वापरतो, त्याच्याशी या विषयावर बोलायला हरकत नाही, इतकेच मी म्हणेन.

म्हणून दुसऱ्या डॉक्टरांना विचारा की वर्षाकाठी ते स्वतः अशा किती शस्त्रक्रिया करतात आणि त्यांतल्या किती झडपा पाच वर्षांनी गळतात. आकडा सांगता येत नसेल तर तोही उत्तराचाच भाग समजावा. क्वचितच होणाऱ्या ठिकाणी केलेल्या डेव्हिडपेक्षा नित्य करणाऱ्या हातांनी केलेली बेंटॉल चांगली, असे माझे स्पष्ट मत आहे. काही सहकाऱ्यांना ते जुनाट वाटते.

जैविक झडपेचा उल्लेख राहिला. गाईच्या हृदयावरणाची किंवा डुकराची झडप नळीत शिवूनही बेंटॉल करतात. गोळी टळते, पण तरुण वयात अशी झडप लवकर कडक होते आणि ४३ व्या वर्षी बसवली तर पन्नाशीच्या मध्यावर पुन्हा काहीतरी करावे लागण्याची शक्यता बरीच आहे. साधारणपणे पन्नाशीच्या आत यांत्रिक आणि ६५ च्या पुढे जैविक झडपेकडे कल असतो. मधल्या वयात माणसाच्या आयुष्याकडे पाहून ठरवतात. काही घरांत गाय की डुक्कर हा प्रश्नही निघतो, तो संकोच न करता आधीच बोलून घ्यावा. रॉस शस्त्रक्रियेबद्दल, म्हणजे फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीची स्वतःचीच झडप महाधमनीत लावण्याबद्दल, इंटरनेटवर बरेच वाचाल. डोनाल्ड रॉस यांनी ती १९६७ साली केली आणि योग्य रुग्णात ती सुंदर चालते. पण गळती आणि रुंद पाया असलेल्यांत ती तितकी भरवशाची नाही, आणि एका झडपेच्या आजाराचे दोन झडपांचे आजार होऊ शकतात.

लीड्सकर | मंगळवार, दुपारी ३.४०

येथे ब्रिटनमध्ये आणखी एक मार्ग आहे. टॅल गोल्सवर्दी नावाच्या अभियंत्याला मार्फान सिंड्रोम, म्हणजे महाधमनीची भिंत कमकुवत करणारा आनुवंशिक विकार, होता. बेंटॉल आणि आयुष्यभराची गोळी नको म्हणून त्याने आपल्याच महाधमनीच्या स्कॅनवरून साचा करून तिच्यावर बाहेरून बसणारी जाळीदार बाही तयार करवली, आणि २००४ साली लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयात ती सर्वप्रथम त्यालाच बसवली गेली. महाधमनी कापावी लागत नाही. ताईंच्या भावासाठी याचा विचार होऊ शकेल का?

टाकादोरा | मंगळवार, सायंकाळी ५.२०

कल्पना उत्तम आहे, परंतु ती बाही झडप शाबूत असताना आणि महाधमनी फार फुगण्यापूर्वी बसवायची असते. गळती तीव्र झाल्यावर आत जावेच लागते. ज्यांच्या घरात मार्फानचा तरुण रुग्ण आहे आणि झडप अजून ठीक आहे, त्यांनी मात्र हे लक्षात ठेवावे.

टिकटिक | मंगळवार, रात्री ८.१०

खर्चाबद्दल थोडे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयशस्त्रक्रिया येतात. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. झडप आणि मूळ दोन्ही एकाच मंजुरीत बसते का, आणि नळीचा खर्च त्यात धरला आहे का, हे दाखल होण्याआधी त्यांच्याकडून लिहून घ्या. आणि रक्त पातळ करण्याची नवी, तपासणी न लागणारी औषधे यांत्रिक झडपेला चालत नाहीत. २०१२ साली त्यांतल्या एकाची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने थांबवावी लागली होती. औषधाच्या दुकानातला मुलगा काहीही म्हणो.

मापपट्टी | मंगळवार, रात्री ८.४५

ताई, एक राहिले. दोन पाकळ्यांची झडप घराण्यात आढळते. सख्खी भावंडे, आई-वडील आणि मुले यांचा एकदा एको करून घ्यावा. तुमचाही.

पंचगंगा | पुढचा रविवार, रात्री १०.०५

या आठवड्यात आम्ही दुसऱ्या शल्यचिकित्सकांना पुन्हा भेटलो. प्रश्न विचारल्यावर त्यांनी रागावण्याऐवजी वही काढली आणि स्वतःचे आकडे दाखवले. त्यांनी अन्ननलिकेतून केलेल्या एकोची चित्रे समोर लावली. एक पाकळी खाली लोंबते आहे, पण दोन्ही मऊ आहेत. ते डेव्हिडचा प्रयत्न करतील, आणि आत पाहिल्यावर झडप राखण्याजोगी वाटली नाही तर त्याच वेळी यांत्रिक झडपेची बेंटॉल करतील. संमतिपत्रावर दोन्ही लिहिले आहे. चढता भागही बदलणार आहेत, कमानीला हात लावणार नाहीत. गुंतागुंत नसली तर सहा ते सात दिवसांत घरी, आणि छातीचे हाड जुळेपर्यंत तीन महिने मागाचे जड बीम उचलायचे नाहीत. हे ऐकून तो सर्वांत जास्त नाराज झाला. कापडाचा तुकडा बघायला मागितला, तर डॉक्टरांनी एक जुनी नमुन्याची नळी हातात दिली. त्याने ती नखाने ताणून पाहिली आणि म्हणाला, वीण घट्ट आहे.

माझा एको व्यवस्थित आहे. त्याच्या १५ वर्षांच्या मुलाच्या झडपेला मात्र दोनच पाकळ्या निघाल्या. गळती नाही, महाधमनीही वयाला साजेशी आहे; डॉक्टरांनी कबड्डी बंद करायला सांगितले नाही, ठरावीक काळाने एको करायला सांगितला. वहिनीला हे अजून पुरते पचलेले नाही.

तारीख ठरली होती, पण दंतवैद्यांनी दोन दाढा किडलेल्या असल्याचे सांगितले. नव्या झडपेला तोंडातल्या जंतूंचा संसर्ग होऊ नये म्हणून त्या आधी काढायच्या आहेत, त्यामुळे शस्त्रक्रिया तीन आठवडे पुढे गेली आहे.